भेस्तानची लाइन

इंग्रजी भाषेत शब्दाची लांबी आणि त्याच्या अर्थांचा पसारा यांचे प्रमाण बहुधा व्यस्त असते. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात अधिकात अधिक जागा अडवून बसलेले 'सेट' आणि 'रन' हे दोन्ही शब्द रोमन लिपीत तीन-तीन अक्षरांचे आहेत. आणि त्यांच्याहून केवळ एका अक्षराने मोठा असलेला 'लाइन' हा शब्दही दोरीपासून वंशावळीपर्यंत आणि कवितेच्या चरणापासून रणभूमीवरील आघाडीपर्यंत इतक्या ठिकाणी वावरतो की, ह्याचा मूळचा धंदा तरी कोणता, असा प्रश्न पडावा. कोशकार ह्या अर्थांना क्रमांक देतो, उदाहरणे जोडतो आणि मोकळा होतो. परंतु जो शब्द समुद्र ओलांडून परमुलखात आला, तेथे राबला, तेथल्या लोकांच्या तोंडी बसला आणि तेथल्या व्याकरणाचा अंमल ज्याने निमूटपणे मान्य केला, त्याची पुढची हकीकत मायदेशाच्या कोशात सापडत नाही. ती त्या मुलखाच्या इतिहासातच शोधावी लागते. 'लाइन' ह्या शब्दाची अशी हकीकत कोणास एकाच गावी बसून लिहावयाची असेल, तर त्याने सुरतेच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन ह्या दोन स्थानकांच्या मध्ये वसलेल्या भेस्तान ह्या गावी मुक्काम करावा, असे माझे मत आहे.

भेस्तान आज गाव म्हणून ओळखू येत नाही. उधना कोठे संपले, पांडेसरा कोठे लागला आणि भेस्तान कोठे सुरू झाले हे पाटी वाचल्यावाचून सांगता येऊ नये, इतकी यंत्रमागांची खाती, रंगाई-छपाईच्या गिरण्या, चाळी आणि सोसायट्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. (सुरतेच्या मेट्रोच्या नकाशात जे 'भेसाण' दिसते ते हे नव्हे, ते तापीच्या पलीकडले, आणि ह्या नामसादृश्यामुळे नवख्या माणसाची फसगत व्हावयास पुरेसा वाव आहे.) येथे मालकाची भाषा बहुधा गुजराती, कामगारांत उत्तरेकडील हिंदी आणि ओडिया, आणि ह्या सर्वांच्या जोडीला मराठी, ती मराठीही पुण्याची किंवा मुंबईची नव्हे, तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार ह्या तीन जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची, म्हणजे घरात अहिराणी आणि चारचौघांत मराठी अशी दुपदरी. ही माणसे येथे कशी आली, कोणत्या वाटेने आली आणि काय करू लागली, ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच शब्दात देता येते, आणि तो शब्द लाइन हा होय.

ह्या भूमीशी मराठी माणसाचा संबंध मात्र लाइनीहून पुष्कळ जुना आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज गणदेवीच्या वाटेने येऊन उधन्यास उतरले आणि तेथून सुरतेवर चालून गेले. तेव्हा महाराजांचे घोडदळ ज्या वाटेने गेले ती आजच्या भेस्तानच्या शिवेपासून फार लांबची असू शकत नाही. त्या वेळी सुरतेच्या वखारीत जॉर्ज ऑक्झेंडन हा इंग्रजांचा अध्यक्ष होता, आणि इंग्रजी जहाजे तर १६०८ पासूनच ह्या किनाऱ्यास लागू लागली होती. त्या जहाजांवरील खलाशी दोराला लाइन म्हणत. परंतु दोरासारखी वस्तू ज्याच्या घरोघर आहे त्या समाजाला तिच्यासाठी परका शब्द उसना घेण्याचे कारण नव्हते, आणि तो अर्थ बंदरावरूनच परत गेला. पुढे सुरत अठ्ठाविसीच्या महालांत गायकवाडांचा आणि पेशव्यांचा शिरकाव झाला, चौथाईच्या वसुलीसाठी मराठी अंमलदार ह्या परगण्यांतून हिंडू लागले, आणि १७९१ साली पेशव्यांनी जंजिऱ्यावरील हक्काच्या मोबदल्यात तेथल्या सिद्दी घराण्यातील बाळूमिया ह्यास शेजारचे सचिन संस्थान तोडून दिले. गंमत अशी की, सचिन हातचे गेले आणि जंजिराही पेशव्यांना मिळाला नाही. ह्या दीर्घ काळात येथल्या दफ्तरांतून फारसी शब्दांचीच सद्दी होती. त्यांना हुसकावून लावण्यासाठी महाराजांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला खरा, पण जकात, वसूल, परगणा आणि अंमल हे शब्द त्या कोशाला पुरून उरले. पुढे इंग्रजी शब्दांच्या बाबतीत जे घडावयाचे होते त्याची ही पूर्वसूचनाच म्हणावयाची.

'लाइन' हा शब्द मराठी मुलखात प्रथम वसला तो छावणीच्या आश्रयाने. कंपनी सरकारच्या पलटणी जेथे तळ देत तेथे शिपायांच्या झोपड्या आखून दिलेल्या रांगांत बांधल्या जात, आणि ह्या वस्तीला लाइन्स म्हणण्याचा लष्करी प्रघात होता. मुंबईच्या मरीन लाइन्स स्थानकाचे नाव तेथे असलेल्या मरीन बटालियनच्या अशाच वस्तीवरून पडलेले आहे. रोज तेथे उतरणाऱ्या हजारो माणसांना आपण एका विसर्जित पलटणीच्या अंगणात पाय ठेवीत आहोत ह्याची वार्ताही नसते. खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या हाती आला, आणि सात वर्षांनी, १८२५ मध्ये, जेम्स औट्रम ह्या तरुण अधिकाऱ्याने डोंगरांतील भिल्लांची भरती करून भिल्ल कोअर उभी केली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. ज्यांच्या बंदोबस्तासाठी सैन्य पाठवावे लागत होते त्यांनाच कवायतीच्या रांगेत उभे करण्याची ही युक्ती इंग्रजी राज्यकारभाराच्या धूर्ततेचा उत्तम मासला आहे. आणि त्या कवायतीबरोबर व त्या वस्तीबरोबर हा शब्दही खानदेशच्या मातीत रुजला असला पाहिजे, असा तर्क करण्यास हरकत नाही. त्या अर्थाचा अवशेष आजही प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस लाइनीच्या रूपाने उभा आहे. पोलिसाचा मुलगा आपण 'लाइनीत वाढलो' असे सांगतो तेव्हा पत्त्याबरोबर तो आपल्या बालपणाची एक विशिष्ट शिस्त, एक विशिष्ट दरारा आणि बदल्यांनी मोडत गेलेल्या मैत्र्यांची एक मालिकाही सांगत असतो. 'लाइन बॉय' हे त्याचे बिरुद सर्वस्वी आपल्याकडचे आहे.

भेस्तानास मात्र हा शब्द लोखंडाच्या रूपाने भेटला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली, आणि तिचा आरंभ मुंबईस न होता सुरतेच्या बाजूस झाला ही गोष्ट मुंबईकरांच्या सहसा लक्षात नसते. अंकलेश्वर ते उतराण हा सुमारे एकोणतीस मैलांचा पहिला तुकडा १८६० च्या फेब्रुवारीत खुला झाला. कंपनीचे मुख्य कार्यालयही प्रथम सुरतेसच होते आणि १८६३ मध्ये ते मुंबईस परळच्या लालबागेत गेले. आणि दक्षिणेकडे सरकत सरकत १८६४ च्या नोव्हेंबरात ही लोखंडी वाट ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. सुरतेहून मुंबईकडे निघालेल्या ह्या वाटेने उधना, भेस्तान आणि सचिन ह्या शिवारांचे दोन-दोन तुकडे केले, आणि तेव्हापासून 'लाइनीच्या अलीकडे' आणि 'लाइनीच्या पलीकडे' अशी जमिनीची नवी ओळख सुरू झाली. पूर्वी गावाची शीव ओढ्याने, बांधाने किंवा एखाद्या जुनाट वडाने ठरत असे. आता ती एका कंपनीने लंडनहून मंजूर करून आणलेल्या आराखड्याने ठरू लागली.

रुळांच्या ह्या जोडीला आपल्या लोकांनी लाइन म्हटले आणि स्त्रीलिंगी केले. इंग्रजीत तिला लिंग नव्हते. मराठीत ओळ, रेघ, रांग, दोरी आणि वाट ह्या साऱ्याच स्त्रीलिंगी असल्यामुळे नव्या पाहुणीची वर्णी त्यांच्याच पंगतीत लागली असावी. तिचे अनेकवचन 'लायनी' झाले, सप्तमीत ती 'लाइनीत' किंवा 'लाइनवर' बसली, आणि 'लोहमार्ग' हा भारदस्त शब्द लोहमार्ग पोलिसांच्या पाटीवर, सरकारी अहवालांत आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत राहिला. लोहमार्ग ओलांडणे हा दंडनीय अपराध आहे. लाइन ओलांडणे हा भेस्तानच्या कामगाराचा नित्यक्रम होय.

परंतु भेस्तानच्या मराठी वस्तीचा खरा जनक हा मुंबईचा लोहमार्ग नव्हे. त्या मानास पात्र आहे ती उधन्याहून पूर्वेस फुटलेली ताप्ती लाइन. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचे भाव कडाडले, खानदेशच्या काळ्या जमिनीकडे मँचेस्टरच्या गिरण्यांचे लक्ष गेले, आणि तापीच्या खोऱ्यातील कापूस समुद्रापर्यंत सुलभ रीतीने कसा आणावा ह्याचा विचार व्यापाऱ्यांच्या मनात घोळू लागला. किलिक निक्सन ह्या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थापनाखाली ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनी निघाली, आणि सुरतेपासून अमळनेरपर्यंतचा सुमारे दीडशे मैलांचा मार्ग १९०० पर्यंत पुरा झाला. अमळनेर ते जळगाव हा तुकडा जी. आय. पी. रेल्वेने घातला, आणि अशा रीतीने सुरत व भुसावळ ही दोन टोके एकत्र आली. ते वर्ष साधे नव्हते. विक्रम संवत १९५६ मधील जो घोर दुष्काळ गुजरातेत आजही 'छप्पनियो' ह्या नावाने आठवला जातो त्याच्याच छायेत ह्या मार्गावरून पहिल्या गाड्या धावल्या. म्हणजे कापूस नेण्यासाठी घातलेल्या वाटेशी उपाशी माणसांचा संबंध अगदी आरंभापासूनच जडला.

ह्या मार्गावरील स्थानकांची नावे क्रमाने उच्चारली तरी मराठी इतिहासाची उजळणी होते. चलथान, बारडोली आणि व्यारा ओलांडले की सोनगड लागते, आणि हेच सोनगड बडोदे हाती येण्यापूर्वीचे गायकवाडांचे ठाणे. पिलाजीरावांनी येथूनच गुजरातेवर आपला अंमल पसरविला. पुढे नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, आणि नंतर ते औट्रमच्या भिल्ल कोअरचे धरणगाव. नवापूरचे स्थानक तर असे आहे की, त्याचा एक भाग गुजरातेत आणि एक महाराष्ट्रात पडतो; १९६० साली राज्ये निराळी झाली तेव्हा नकाशावर ओढलेली लाइन जमिनीवरच्या लाइनीला आडवी गेली.

ताप्ती लाइन एकेरी होती, आणि एकेरी मार्गाचे एक स्वतंत्र तत्त्वज्ञान असते. समोरून गाडी येत नाही ह्याची खात्री पटल्यावाचून इकडची गाडी सोडावयाची नाही, आणि ही खात्री नुसत्या तोंडी सांगण्यावर सोपवावयाची नाही, म्हणून दोन स्थानकांवरील परस्परांशी विजेने जोडलेल्या यंत्रांतून एका वेळी एकच धातूचा गोळा बाहेर पडे. तो कातड्याच्या पिशवीत घालून, ती पिशवी वेताच्या कड्याला अडकवून, ड्रायव्हरच्या हाती दिली की त्याला 'लाइन क्लिअर' मिळाले असे समजावयाचे. ते मिळेपर्यंत गाडी क्रॉसिंगसाठी उभी. दोंडाईच्याच्या किंवा व्याऱ्याच्या फलाटावर तासतासभर तिष्ठत बसलेल्या पिढ्यांनी हा पारिभाषिक शब्द उचलला आणि आपल्या संसारात आणला. मुलीच्या बापाने होकार दिला की लाइन क्लिअर. साहेब रजेवर गेला की लाइन क्लिअर. घरात वडीलमंडळी नसली की धाकट्यांची लाइन क्लिअर. २०१८ च्या सुमारास हा मार्ग दुहेरी झाला, विजेची गाडी धावू लागली, गोळे अडगळीत गेले, पण वाक्प्रचाराला कोणी बडतर्फ केले नाही.

खानदेशचा माणूस ह्या वाटेने सुरतेस केव्हापासून येऊ लागला ह्याची एकच तारीख देता येणार नाही. जरीचा धंदा सुरतेत जुना होता. कृत्रिम रेशमाचे सूत आले, हातमागांच्या जागी यंत्रमाग बसले, १९६२ साली गुजरात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पांडेसरा व सचिन येथे कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तिकडे १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राची शेती करपली. आणि १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी जो संप पुकारला त्याने मुंबईचा कापडधंदा बसला, तसा भिवंडीच्या आणि सुरतेच्या मागांचा खडखडाट वाढला. ह्या सर्व लाटांबरोबर माणसे येत गेली. त्यांच्या श्रमाविषयी, मीटरवर मिळणाऱ्या मजुरीविषयी आणि बारा-बारा तासांच्या पाळ्यांविषयी यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातेत हिंडून जे लिहून ठेवले आहे, तितके आमच्या मराठी लेखकांनी लिहिले नाही. सुरत म्हटले की आमची लेखणी अजून १६६४ आणि १६७० ह्या दोन सालांतून बाहेर पडावयास तयार नसते.

येथे आल्यावर त्या शब्दाला जे नवे अर्थ फुटले त्यांत पहिला धंद्याचा. सुरतेत माणसाची ओळख त्याच्या जातीने किंवा गावाने पुरी होत नाही; तो कोणत्या लाइनीत आहे हे विचारावे लागते. साडीची लाइन, हिऱ्याची लाइन, लूमची लाइन, जरीची लाइन, वाहतुकीची लाइन. इंग्रजीतही हा अर्थ आहे, नाही असे नाही. परंतु तेथे तो व्यवसायाची दिशा सांगतो, आणि येथे तो माणसाची पत सांगतो. सोयरीक जमविताना मुलाकडचा मध्यस्थ मुलगा 'लाइनीत सेट आहे' असे म्हणतो, आणि ह्या तीन शब्दांच्या वाक्यात ऑक्सफर्डच्या कोशातील दोन महारथींना त्याने एकाच जोखडाला जुंपलेले असते. ह्याच अर्थाचे मराठी वळण म्हणजे 'पोरगं लाइनीला लागलं' हे वाक्य. खानदेशातील आई हे वाक्य जेव्हा शेजारणीला सांगते, तेव्हा मुलाने व्यसन सोडले, नोकरी धरली, घरी पैसे पाठवावयास सुरुवात केली आणि आता त्याच्या लग्नाचे बोलावयास हरकत नाही, इतका सगळा मजकूर तिने सांगितलेला असतो. 'मार्गी लागणे' हा जुना प्रयोगही ह्याच जातीचा. पण मार्ग कोठलाही असू शकतो, आणि लाइन म्हटली की तिच्या दुसऱ्या टोकाला सुरत असते.

दुसरा अर्थ घराचा. खात्याजवळ पत्र्याच्या किंवा विटांच्या खोल्या समोरासमोर दोन रांगांत बांधल्या जातात, मध्ये गटार आणि नळ, आणि प्रत्येक रांग म्हणजे एक लाइन. पहिल्या लाइनीतल्या बाईचे तिसऱ्या लाइनीतल्या बाईशी पाण्यावरून वैर असते, आणि गणपतीत ते मिटते. ज्या शब्दाखाली कंपनी सरकारचे शिपाई राहत होते त्याच शब्दाखाली आता मागावरचे कारागीर राहतात, फक्त मधल्या दोनशे वर्षांत पलटण बदलली आहे.

तिसरा अर्थ मागावरचा, आणि माझ्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. माग थांबून पुन्हा सुरू झाला, बाण्याचा तणाव कमीजास्त झाला, की कापडाच्या अंगावर आडवी रेघ उमटते. कारागीर म्हणतो, लाइन पडली. ही लाइन पडली की तो तागा खराब ठरतो, मजुरी कापली जाते, मास्तराचा आवाज चढतो. म्हणून ह्या शब्दाचा उच्चार येथे जितक्या धास्तीने होतो तितका रेल्वेच्या फाटकावरही होत नाही. उलट जी रेघ मुद्दाम पाडली जाते तिचे कौतुक : पट्ट्यापट्ट्यांचे कापड ते 'लाइनिंगचे'. आणि अस्तराचे कापडही लाइनिंगच.

आता ह्या शब्दाचे मूळ पाहावे. लॅटिन भाषेत 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडाच्या तंतूपासून काढलेला धागा तो 'लिनिआ', आणि त्यापासून इंग्रजी लाइन. अस्तराला लाइनिंग म्हणतात तेही जवसाचे कापड वस्त्राला आतून लावीत असत म्हणून. म्हणजे युरोपात ह्या शब्दाचा जन्म धाग्यात झाला. धाग्यावरून तो दोरीकडे गेला, दोरीने आखलेल्या रेघेकडे, रेघेवरून माणसांच्या आणि घरांच्या रांगेकडे, आणि सरतेशेवटी एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या रुळाकडे. भेस्तानात हा सारा प्रवास उलटा घडलेला आहे. येथे रूळ आधी आला, मग रुळाच्या कडेने घरांची रांग आली, रांगेतून धंदा आला, आणि अगदी शेवटी, मागावर उमटलेल्या त्या बारीक रेघेच्या रूपाने, शब्द धाग्यापाशी पोहोचला. रोमन विणकराच्या हातातून निघालेली वस्तू दोन हजार वर्षांनी, निम्म्या जगाचा फेरा करून, नंदुरबारच्या विणकराच्या हाती पडली, आणि ती देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ह्याची काही कल्पना नव्हती. मार्क्सने यंत्रमागावर पुष्कळ लिहिले. यंत्रमागाच्या भाषेवर लिहावयास त्याला सवड झाली असती, तर हे उदाहरण त्याला आवडले असते.

आपल्याकडे ह्या कल्पनेला तोटा नव्हता, हेही नमूद करणे अवश्य आहे. सूत म्हणजे धागा. सूत्र म्हणजे धागा आणि नियमही. सूत धरून लाकूड कापणारा तो सूत्रधार आणि त्याचाच पुढे सुतार झाला. भिंत सरळ आली की गवंडी ती 'सुतात आहे' म्हणतो, आडदांड माणूस वठणीवर आला की तो सुतासारखा सरळ होतो, आणि दोन मने जुळली की त्यांचे सूत जमते. रोममध्ये आणि येथे माणसाच्या बुद्धीने एकाच पद्धतीने धाग्यापासून सरळपणाकडे आणि सरळपणापासून संबंधाकडे झेप घेतली. म्हणूनच तरुणांच्या बोलीतील 'लाइन मारणे' हा प्रयोग वाटतो तितका परका नाही; सूत जमण्यापूर्वीची ती उमेदवारी होय, जरी तिच्यातील ग्राम्यतेचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही.

गवंड्याच्या हातातील दोरीला मात्र आपल्या लोकांनी निराळाच न्याय दिला. 'लाइनदोरी' असे तिचे नाव आहे, म्हणजे दोरीची दोरी. सुरतेत हा शब्द बांधकामावरून महानगरपालिकेच्या दफ्तरात शिरला आहे. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याने रस्त्याची हद्दरेषा ठरविण्याचा अधिकार पालिकेस दिला. सुरतेची नगरपालिका १८५२ ची असली तरी तिची महानगरपालिका १९६६ साली झाली आणि हा अधिकार तिला प्राप्त झाला. ती हद्दरेषा म्हणजे लाइनदोरी. 'घर लाइनदोरीत गेले' हे गुजराती वाक्य भेस्तानच्या मराठी माणसाने जसेच्या तसे घेतले आहे. मुंबईचा माणूस ते ऐकून बुचकळ्यात पडेल, कारण तिकडे घर रस्तारुंदीत जाते. नुकसान तेच.

किरकोळ अर्थ आणखी पुष्कळ आहेत, त्यांचा केवळ निर्देश करून पुढे जातो. वीज म्हणजे लाइन. खानदेशात शेतपंपाला वीज आली की 'लाइन उनी' म्हणतात, आणि ती कोणत्या प्रहरी येणार ह्यावर घराचे झोपणे-उठणे अवलंबून असते. टेलिफोन ही लाइन, रेशनच्या दुकानापुढील रांग ही लाइन. ह्या शेवटच्या अर्थात एक बारकावा आहे : सरकारी पाटीवर 'रांगेत उभे राहा' असे लिहिलेले असते आणि लोक लाइनीत उभे राहतात, रांगेत शिस्त गृहीत धरलेली असते, लाइनीत धक्काबुक्की. शाळेत मात्र रेघेने आपला हक्क सोडलेला नाही. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा ज्या सात भाषांतून चालतात त्यांत मराठी ही एक आहे, आणि त्या शाळेच्या दारातील दुकानात आजही दुरेघी आणि चाररेघी वहीच मागितली जाते.

भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना ही सगळी हकीकत ऐकून विषाद वाटेल, आणि तो विषाद सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ओळ, रांग, रेघ, मार्ग, धंदा आणि वीज ह्या सहा शब्दांची कामे एकट्याने बळकावणारा शब्द भाषेला सुस्त करतो. पण भेस्तानसारख्या ठिकाणी शब्दाची निवड व्याकरणकार करीत नाहीत. अहिराणीत सप्तमीचा प्रत्यय 'मा' आहे आणि गुजरातीतही तो नाकात उच्चारलेला 'मां' आहे. घरमा, गावमा, लाइनमा. मालक 'लाइनमां' म्हणाला आणि कारागीर 'लाइनमा' म्हणाला तर दोघांनाही आपण आपल्याच भाषेत बोलत आहोत असे वाटते, आणि व्यवहार पुरा होतो. 'रांगेत' म्हटले तर तो होत नाही. दोन सख्ख्या शेजारणींमधला हा समान प्रत्यय शतकानुशतके होताच. इंग्रजी शब्दाने केवळ त्याला उच्चारण्याचे निमित्त दिले.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची वार्ता पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. खानदेशचे लोक ज्या वाटेने आले होते त्याच वाटेने, टपांवर आणि दारांना लोंबकळत, परत गेले; पुढच्या वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव ह्यांनी शहराची जी साफसफाई केली तिची देशभर वाहवा झाली. कारागीर मात्र त्या साफसफाईची वाट पाहत बसले नव्हते; खाती सुरू झाली तसे ते परतले, कारण बसून मीटर मोजता येत नाहीत. ह्यानंतरच्या काळात ह्या वस्तीचे वजन इतके वाढले की, जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार झाले आणि २०२० मध्ये गुजरातेतील सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्षही झाले. राजकारण हीही एक लाइनच.

मुंबईहून खानदेशात जाणाऱ्या गाडीला पूर्वी उधन्यास जाऊन इंजिनाची दिशा बदलावी लागे, आणि त्या खटपटीत वेळ मोडे. पुढे भेस्तानपासून चलथानपर्यंत एक वळणाचा फाटा टाकण्यात आला. मुंबईहून भुसावळला जाणारी खानदेश एक्सप्रेस आता उधन्यास न शिवता भेस्तानवरूनच पूर्वेस वळते, आणि ज्या स्थानकाकडे जलद गाड्या पूर्वी ढुंकूनही पाहत नसत तेथे खानदेशाकडे निघालेली कुटुंबे पिशव्या, पोरे आणि गावाकडच्यांसाठी घेतलेल्या साड्यांची गाठोडी घेऊन उभी राहतात. ती गाडी मुंबईच्या मुख्य मार्गावरून आलेली असते आणि भेस्तानच्या फलाटाशी लागते तेव्हाही त्याच मार्गावर असते. तरी चौकशी करणारा 'ताप्ती लाइनची गाडी आली का' असेच विचारतो, आणि खिडकीतला माणूसही त्याला दुरुस्त करीत नाही.